सहकारी गृहनिर्माण संस्थेतील शुल्क आकारणी (महाराष्ट्र)

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील शुल्क आकारणी म्हणजे इमारतीच्या किंवा वसाहतीच्या सामाईक खर्चाची सभासदांमध्ये वाटणी करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात ही आकारणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, त्याखालील १९६१चे नियम, प्रत्येक संस्थेचे नोंदणीकृत उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव यांनुसार होते. बोलीभाषेत या सर्व रकमांना मिळून 'मेंटेनन्स' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मासिक देयकात अनेक वेगवेगळी शीर्षे असतात आणि प्रत्येक शीर्षाच्या वाटणीचा आधारही वेगळा असतो. काही रकमा सर्व सदनिकांना समान, काही बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, काही क्षेत्रफळानुसार, तर काही विशिष्ट सभासदांनाच लागू होतात.

सदनिका भाड्याने दिल्यास आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क, बांधकाम व दुरुस्तीसाठी उभारले जाणारे निधी आणि अंतर्गत कामासाठी घेतली जाणारी अनामत रक्कम या विषयांवर संस्था आणि सभासद यांच्यात वारंवार वाद होतात. या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: संस्थेचे शुल्क हा खर्चाचा वाटा आहे, की बहुसंख्य सभासदांना अल्पसंख्य सभासदांकडून मिळणारे उत्पन्न आहे?

## पार्श्वभूमी

मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन, भांडवल जमवून, परवडणारी घरे उभारावीत आणि त्यांची व्यवस्था स्वतःच पाहावी, हा या चळवळीचा हेतू होता. सभासद स्वतः त्या घरात राहणार, हे तिचे गृहीतक होते.

पुढे मालकी हक्काच्या सदनिकांचे प्रमाण वाढले. विकासकाने इमारत बांधायची, सदनिका विकायच्या आणि नंतर खरेदीदारांची संस्था नोंदवायची, अशी रीत रूढ झाली. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३चा कायदा या व्यवहारांसाठीच करण्यात आला. आज राज्यात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. सदनिका हे राहण्याच्या जागेबरोबरच गुंतवणुकीचेही साधन झाल्यामुळे अनेक सभासद आपली सदनिका भाड्याने देतात व स्वतः अन्यत्र राहतात. राहता सभासद आणि न राहता सभासद असा भेद त्यातून निर्माण झाला. शुल्कविषयक अनेक तंट्यांचा उगम या भेदात आहे.

## कायदेशीर चौकट

### अधिनियम व उपविधी

१९६०चा अधिनियम हा या व्यवस्थेचा पाया आहे. २०१९ मध्ये त्यात 'तेरा-ब' हे प्रकरण घालून गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-१ पासून पुढे स्वतंत्र तरतुदी करण्यात आल्या. सहकार खात्याने आदर्श उपविधी प्रसिद्ध केले असून, ९७व्या घटनादुरुस्तीनंतर ते २०१४ मध्ये सुधारण्यात आले. संस्था हे उपविधी स्वीकारून निबंधकाकडे नोंदवते. नोंदणीकृत उपविधी संस्थेवर व सभासदांवर बंधनकारक असतात. अधिनियमाशी किंवा नियमांशी विसंगत ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने केला, तरी तो टिकत नाही.

### सर्वसाधारण सभा व व्यवस्थापक समिती

अधिनियमाच्या कलम ७२ नुसार संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतात. शुल्काचे दर सभा ठरवते आणि व्यवस्थापक समिती त्यांची अंमलबजावणी करते. समितीने केवळ आपल्या बैठकीत ठरवलेला आणि सभेपुढे न आलेला नवा आकार कायद्याच्या दृष्टीने दुर्बल ठरतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते.

मतदानात 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे तत्त्व लागू होते. सदनिका मोठी असली म्हणून मताचे वजन वाढत नाही. सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे २०० सदनिकांच्या संस्थेतही थोड्या उपस्थितांच्या मतांनी सर्वांना लागू होणारा दर ठरू शकतो. इमारतीत न राहणारे सभासद सभांना सहसा कमी येतात. भाडेकरू नाममात्र सभासद होऊ शकतो, पण त्याला मतदानाचा अधिकार नसतो. परिणामी, भाड्याच्या सदनिकांवरील शुल्क ठरवणाऱ्यांमध्ये ते शुल्क भरणारे बहुधा नसतात.

### शासनाचे निर्देश

सभासदांच्या हिताला बाधक कारभार रोखण्यासाठी व लोकहितासाठी कलम ७९अ अन्वये राज्य शासन संस्थांना निर्देश देऊ शकते. बिनभोगवटा शुल्काची कमाल मर्यादा शासनाने याच अधिकारात ठरवली आहे.

## आकारणीची शीर्षे व वाटणीचा आधार

आदर्श उपविधींनुसार प्रमुख शीर्षांची वाटणी पुढीलप्रमाणे होते.

* मालमत्ता कर: स्थानिक प्राधिकरणाने ज्या सदनिकेवर जेवढा कर बसवला असेल तेवढा.
* पाणीपट्टी: प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांनुसार.
* दुरुस्ती व देखभाल निधी: सर्वसाधारण सभा ठरवील तो दर, मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी नाही.
* सिंकिंग फंड: सभा ठरवील तो दर; मात्र जमिनीची किंमत वगळून येणाऱ्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी नाही.
* लिफ्टचा खर्च: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांवर समान, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत.
* सेवाशुल्क: सर्व सदनिकांवर समान.
* विमा व जमिनीचे भुईभाडे: सदनिकेच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात.
* वाहनतळ शुल्क: वाहनतळाची जागा मिळालेल्या सभासदांकडून, सभेने ठरवलेल्या दराने.
* बिनभोगवटा शुल्क: सदनिका भाड्याने दिलेल्या सभासदांकडून, शासनाने घातलेल्या मर्यादेत.
* थकबाकीवरील व्याज: सभा ठरवील त्या दराने, उपविधींनुसार वार्षिक २१ टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा.

सेवाशुल्कात पहारेकरी, सफाई कामगार, माळी व कार्यालयीन कर्मचारी यांचे वेतन, सामाईक वीज, छपाई व टपाल, लेखापरीक्षण, सभांचा खर्च आणि कायदेशीर सल्ला यांसारख्या बाबी येतात. हे शुल्क क्षेत्रफळानुसार न आकारता सर्वांना समान आकारावे, कारण पहारेकरी किंवा जिन्यातील दिवा मोठ्या व लहान सदनिकेला सारखीच सेवा देतो, असे यामागील तर्कशास्त्र आहे. मोठ्या सदनिकांकडून क्षेत्रफळाच्या आधारे जादा देखभाल शुल्क मागण्याचा प्रश्न व्हीनस सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने समान आकारणीचे तत्त्व मान्य केले.

## आकारणीचे उदाहरण

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. एका संस्थेत ४० सदनिका आहेत; २० लहान आणि २० मोठ्या. लहान सदनिकेचा बांधकाम खर्च ९,६०,००० रुपये व मोठीचा १४,४०,००० रुपये आहे. लहान सदनिकेत ४ व मोठीत ६ नळजोड आहेत. मालमत्ता कर वेगळा धरला आहे.

* सेवांचा मासिक खर्च ७२,००० रुपये. ४० सदनिकांत समान वाटणी: प्रत्येकी १,८०० रुपये.
* लिफ्टचा मासिक खर्च १२,००० रुपये: प्रत्येकी ३०० रुपये.
* पाण्याचे मासिक देयक २०,००० रुपये. एकूण नळजोड २००, म्हणून प्रत्येक नळजोडास १०० रुपये: लहान सदनिकेस ४००, मोठीस ६०० रुपये.
* दुरुस्ती निधी वार्षिक ०.७५ टक्के दराने: लहान सदनिकेस दरमहा ६००, मोठीस ९०० रुपये.
* सिंकिंग फंड वार्षिक ०.२५ टक्के दराने: लहान सदनिकेस दरमहा २००, मोठीस ३०० रुपये.

अशा प्रकारे लहान सदनिकेचे मासिक देयक ३,३०० रुपये आणि मोठीचे ३,९०० रुपये होते. मोठ्या सदनिकेचा बांधकाम खर्च दीडपट असला, तरी तिचे देयक दीडपट होत नाही.

यांपैकी एखादी सदनिका भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्के, म्हणजे कमाल १८० रुपये होते. अनेक संस्थांत ते संपूर्ण देयकावर मोजले जाते. तसे केल्यास लहान सदनिकेसाठी ते ३३० रुपये येते आणि ते शासकीय आदेशाशी विसंगत ठरते.

## भाड्याने दिलेल्या सदनिका

### बिनभोगवटा शुल्क

सभासद स्वतः सदनिकेत न राहता ती अन्य व्यक्तीला भाड्याने अथवा लिव्ह अँड लायसन्स करारावर देतो, तेव्हा संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क, महापालिकेचे कर वगळता, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सर्वसाधारण सभा याहून कमी दर ठरवू शकते. अधिक ठरवू शकत नाही.

हे शुल्क सदनिका किती भाड्याने दिली आहे यावर अवलंबून नसते. मासिक भाडे १५,००० रुपये असो वा दीड लाख, एकाच संस्थेतील दोन्ही सभासदांचे बिनभोगवटा शुल्क समान राहते. संस्थेच्या खर्चाचा सभासदाच्या भाडे उत्पन्नाशी संबंध नसल्यामुळे ही रचना सुसंगत आहे.

सदनिकेत सभासदाचे कुटुंबीय राहत असल्यास हे शुल्क लागू होत नाही. उपविधींतील कुटुंबाच्या व्याख्येत पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, मेहुणा, मेहुणी आणि नातवंडे यांचा समावेश होतो. कुलूपबंद सदनिकेची गोष्टही वेगळी आहे. शुल्काचा आधार परक्या व्यक्तीचा भोगवटा हा असल्याने केवळ रिकाम्या ठेवलेल्या सदनिकेवर ते आकारणे सुसंगत ठरत नाही.

### मर्यादेची आवश्यकता

मर्यादा नसल्यास काय घडू शकते, हे वरील उदाहरणावरून दिसते. ४० पैकी १५ सदनिका भाड्याने दिल्या आहेत असे समजू. कमाल मर्यादेनुसार संस्थेला त्यांच्याकडून दरमहा २,७०० रुपये मिळतात. सेवांच्या ७२,००० रुपये खर्चाच्या तुलनेत ही रक्कम चार टक्क्यांहून कमी आहे. आता सभेने बहुमताने प्रत्येक भाड्याच्या सदनिकेवर १,५०० रुपये शुल्क लावले, तर दरमहा २२,५०० रुपये जमा होतील. सेवांच्या खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मग १५ सदनिकांच्या अतिरिक्त शुल्कातून भागेल आणि उरलेल्या २५ सभासदांचा भार तेवढ्या प्रमाणात हलका होईल. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांनाच ठरावाचा लाभ मिळणार असल्याने अशा शुल्काला सभेतून आपोआप आळा बसत नाही. घरमालक हा बोजा पुष्कळदा भाड्यात मिळवतो आणि शेवटी तो मताधिकार नसलेल्या भाडेकरूवर पडतो.

शासनाच्या आदेशाला मॉन्ट ब्लांक सहकारी गृहनिर्माण संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश वैध ठरवला. त्यामुळे १० टक्क्यांची मर्यादा राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये कायम राहिली.

### भाडेकरार व संस्था

सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाने संस्थेला तशी पूर्वसूचना द्यावी, कराराची प्रत सादर करावी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी, अशी उपविधींची अपेक्षा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते.

काही संस्था भाडेकरू बदलताना सामान ने-आण शुल्क, ना-हरकत शुल्क किंवा देणगी मागतात. कोणताही आकार वैध ठरण्यासाठी त्याला उपविधींचा आधार, सभेचा ठराव आणि प्रत्यक्ष खर्चाशी संबंध असावा लागतो. बिनभोगवटा शुल्काची मर्यादा वेगळ्या नावाच्या शुल्काने ओलांडणे आदेशाच्या हेतूला छेद देणारे आहे.

## बांधकाम व दुरुस्तीसाठीचे शुल्क

### इमारतीचे निधी

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हे दोन्ही बांधकाम खर्चाशी जोडलेले असले, तरी त्यांचे प्रयोजन भिन्न आहे. दुरुस्ती निधी नित्याच्या डागडुजीसाठी असतो. सिंकिंग फंड हा इमारतीची पुनर्बांधणी, तिच्या मजबुतीसाठी आवश्यक असलेले संरचनात्मक बदल किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्त्या यांसाठी राखून ठेवायचा असतो. तो अधिनियमाच्या कलम ७० मध्ये सांगितलेल्या मार्गांनी गुंतवावा लागतो. पहारेकऱ्याचे वेतन किंवा रोजचा खर्च भागवण्यासाठी तो वापरता येत नाही.

०.७५ आणि ०.२५ टक्के हे किमान दर आहेत, पुरेसे दर नव्हेत. जुन्या इमारतींत हा फरक तीव्रतेने जाणवतो. ज्या सदनिकेचा मूळ बांधकाम खर्च ४०,००० रुपये होता, तिचा दुरुस्ती निधी किमान दराने वर्षाला अवघा ३०० रुपये आणि सिंकिंग फंड १०० रुपये होतो. अशा ५० सदनिकांच्या संस्थेत दोन्ही निधी मिळून वर्षाला २०,००० रुपये जमतात. आजच्या दराने गच्चीच्या जलरोधनालाही ही रक्कम अपुरी पडते. देयक कमी ठेवणे सभासदांना सुखाचे वाटते. मात्र न जमवलेला पैसा पुढे गळती, गंजलेल्या सळया आणि धोकादायक सज्जे या रूपाने वसूल होतो.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावी लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब मध्येही ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या तपासणीची तरतूद आहे. तपासणीत मोठी दुरुस्ती सुचवली गेल्यास आणि निधी अपुरा असल्यास सर्वसाधारण सभा मोठ्या दुरुस्तीसाठी विशेष वर्गणी ठरवते. ही वर्गणी क्षेत्रफळाच्या आधारे आकारली जाते. सेवाशुल्क समान आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळानुसार, हा भेद वरवर विसंगत वाटतो. तथापि सेवा सर्वांना सारखी मिळते, तर दुरुस्तीने टिकणारी मालमत्ता प्रत्येकाची कमी-अधिक असते, या विचाराशी तो जुळतो.

एकरकमी वर्गणीचा ताण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांवर सर्वाधिक पडतो. हप्ते पाडून देणे किंवा दरमहा निधीचा दर आधीपासून वाढवत नेणे, हे त्यावरचे व्यवहार्य मार्ग आहेत.

### सदनिकेतील अंतर्गत काम

सदनिकेत फेरबदल करू इच्छिणाऱ्या सभासदाने कामाचा तपशील देऊन संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागते. भिंती, तुळया, खांब किंवा दर्शनी भाग यांना हात लागणार असल्यास अभियंत्याचा अभिप्राय आवश्यक ठरतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि स्थानिक नियमावली यांनुसार आवश्यक असलेली नियोजन प्राधिकरणाची मंजुरी संस्थेच्या परवानगीने टळत नाही.

अशा कामासाठी संस्था सामान्यतः दोन प्रकारच्या रकमा घेतात. पहिली परत मिळणारी अनामत रक्कम होय. लिफ्ट, जिना, सामाईक भिंत किंवा खालच्या सदनिकेचे छत यांचे नुकसान झाल्यास भरपाई व्हावी, हा तिचा हेतू असतो. दुसरी रक्कम राडारोडा हलवणे, लिफ्टचा जादा वापर, सामाईक जागेची सफाई अशा प्रत्यक्ष खर्चापोटी असते. या रकमांचा राज्यभर लागू होणारा एकच दर नाही. दर ठरावाने निश्चित केलेला, सर्वांना समान व लेखी असणे, अनामत परत करण्याची मुदत सांगितलेली असणे आणि कपात केल्यास तिचा हिशेब देणे, या गोष्टी त्यामुळे महत्त्वाच्या ठरतात. भार पेलणारी भिंत पाडण्याचे काम कितीही शुल्क भरले तरी नियमित होत नाही.

## हस्तांतरणावरील शुल्क

सदनिकेची विक्री झाल्यावर भाग व हितसंबंध खरेदीदाराच्या नावे करताना संस्था ५०० रुपये हस्तांतरण शुल्क घेते. याशिवाय अधिमूल्य आकारायचे झाल्यास ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाने त्याच्या कमाल मर्यादा घालून दिल्या आहेत. महानगरपालिका क्षेत्रात ती २५,००० रुपये, 'अ' वर्ग नगरपालिकेत २०,०००, 'ब' वर्गात १५,०००, 'क' वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये आहे. देणगी किंवा विकास निधी अशा नावांनी याहून अधिक रक्कम मागता येत नाही. बिनभोगवटा शुल्काप्रमाणेच येथेही मर्यादेमागील कारण तेच आहे: अडलेल्या व्यक्तीला ना-हरकत दाखल्यासाठी संस्थेपुढे वाटाघाटीची ताकद नसते.

## करविषयक बाबी

### प्राप्तिकर

सभासदांनी स्वतःसाठी जमवलेला आणि स्वतःवरच खर्च होणारा पैसा हा नफा नव्हे, असे परस्परतेचे तत्त्व सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०१८ रोजी वेंकटेश प्रिमायसेस सहकारी संस्था प्रकरणात हे तत्त्व लावले आणि सभासदांकडून मिळणारे बिनभोगवटा शुल्क, हस्तांतरण शुल्क व सामाईक सुविधा निधी या रकमांवर प्राप्तिकर लागू होत नाही असा निर्णय दिला. भ्रमणध्वनी मनोऱ्याचे भाडे किंवा जाहिरात फलकाचे उत्पन्न बाहेरच्यांकडून येत असल्याने त्याला हे तत्त्व लागू पडत नाही.

### वस्तू व सेवा कर

संस्थेने सभासदाकडून घेतलेल्या दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला वस्तू व सेवा करातून सूट आहे. २५ जानेवारी २०१८ पूर्वी ही मर्यादा ५,००० रुपये होती. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या संस्थांना नोंदणीची गरज नसते. वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक झाल्यास संपूर्ण रकमेवर कर द्यावा लागेल, असे केंद्राच्या २२ जुलै २०१९ च्या परिपत्रकात म्हटले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याविरुद्ध मत देत, केवळ वरच्या रकमेवरच कर लागू होतो असे ठरवले.

## थकबाकी व तंटे

देयकाची रक्कम मुदतीत न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो आणि त्याला व्यवस्थापक समितीत राहता येत नाही. वसुलीसाठी संस्था निबंधकाकडे दाखल्याची मागणी करू शकते. पूर्वी ही तरतूद कलम १०१ मध्ये होती. २०१९ च्या सुधारणेनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ती कलम १५४ब-२९ मध्ये आहे. हा दाखला मिळाल्यावर थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

आकारणी चुकीची आहे असे वाटणाऱ्या सभासदाने प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार करून शीर्षवार तपशील मागावा, अशी रीत आहे. शासकीय मर्यादेचा भंग झाल्यास उपनिबंधकाकडे दाद मागता येते. संस्था आणि सभासद यांच्यातील दिवाणी स्वरूपाचा वाद कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात जातो. वाद चालू आहे म्हणून संपूर्ण देयक थांबवणे सभासदाला महागात पडू शकते, कारण निर्विवाद रकमेवरही व्याज चढत जाते आणि तो थकबाकीदार ठरतो. निर्विवाद रक्कम भरून वादग्रस्त रकमेविषयी लेखी हरकत नोंदवणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

## अन्य व्यवस्थांशी तुलना

महाराष्ट्रातील सर्वच इमारतींना सहकारी संस्थेची चौकट लागू नसते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली स्थापन झालेल्या अपार्टमेंट मालक संघात सामाईक खर्च प्रत्येक मालकाच्या सामाईक भागांतील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनुसार वाटला जातो. वरील उदाहरणातील लहान व मोठ्या सदनिकांचे हिस्से २:३ या प्रमाणात धरले, तर सेवांच्या ७२,००० रुपयांपैकी लहान सदनिकेचा वाटा १,४४० रुपये आणि मोठीचा २,१६० रुपये होईल. सहकारी संस्थेत तो प्रत्येकी १,८०० रुपये होता. त्यामुळे सदनिका घेताना इमारतीची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हे पाहणे आवश्यक असते. गोव्यातील सहकारी संस्थांना गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ लागू होतो.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात घरमालक संघांचा कारभार डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यानुसार चालतो. ज्या कामासाठी शुल्क आहे त्याच्या खर्चापेक्षा अधिक रक्कम संघाने घेऊ नये, असे तो कायदा सांगतो. सभासदांच्या मतदानाविना नियमित वर्गणी आधीच्या वर्षापेक्षा २० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, आणि विशेष वर्गणी त्या वर्षीच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. २०२१ पासून भाड्याने देता येणाऱ्या घरांचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी ठरवण्यासही तेथे मनाई आहे. महाराष्ट्रात शासनाने बिनभोगवटा शुल्काची टक्केवारी बांधून दिली. कॅलिफोर्नियाने प्रत्यक्ष खर्च हीच शुल्काची सीमा मानली. शुल्क ठरवणाऱ्या बहुमतापासून ते भरणाऱ्याचे संरक्षण करणे, हे प्रयोजन मात्र दोन्हीकडे समान आहे.

## आकारणी तपासताना

मासिक देयक योग्य आहे की नाही, हे पुढील बाबींवरून पडताळता येते.

* देयकात प्रत्येक शीर्ष स्वतंत्रपणे दाखवले आहे का?
* प्रत्येक शीर्षामागे उपविधींची तरतूद व सर्वसाधारण सभेचा ठराव आहे का?
* सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान आहे का?
* बिनभोगवटा शुल्क केवळ सेवाशुल्कावर, १० टक्क्यांच्या आत आणि केवळ भाड्याने दिलेल्या सदनिकेवर लावले आहे का?
* दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड किमान दरापेक्षा कमी तर नाहीत ना, आणि इमारतीच्या वयाच्या मानाने ते पुरेसे आहेत का?
* अनामत रक्कम परत करण्याची मुदत लेखी दिली आहे का?

यांतील पहिले चार प्रश्न अवाजवी शुल्काला आळा घालतात, पाचवा अवाजवी काटकसरीला. इमारतीत राहणाऱ्या सभासदाला व भाडेकरूला या दोहोंची झळ सारखीच बसते.